विश्लेषण : पगार पुण्याचा, खुर्ची म्युनिकची, मग कायदा कुठला?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यात आयटीत नोकरीला असलेली मराठवाड्यातली मुले-मुली लॅपटॉप पाठीला अडकवून गावी परतली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात कोणी माडीवर टेबल मांडले, कोणी देवघराशेजारची खोली बळकावली. मोबाइलचा हॉटस्पॉट, गेलेली लाइट, खाली भाजीवाल्याचा आवाज, या सगळ्यात मीटिंगा झाल्या आणि काम वेळेत गेले. पगारही ठरल्या दिवशी जमा होत राहिला. त्या दोन वर्षांत अनेक घरांना एक गोष्ट पटली : काम लॅपटॉपमध्ये असते, ऑफिसात नसते.

आता तीच समजूत सातासमुद्रापार निघाली आहे. मुलीचे लग्न ठरते, जावयाला जर्मनीत किंवा अमेरिकेत नोकरी लागते. मुलीची पुण्यातली नोकरी चांगली असते, मॅनेजरही समजूतदार असतो. तो म्हणतो, 'काम होतंय ना, मग तिकडून लॉगिन कर.' घरातली मोठी माणसेही म्हणतात, 'मानवतला बसून पुण्याचं काम झालं, मग म्युनिकला बसून काय अडचण हाय? पगार तर इथंच येतोय की!'

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर घरात वाटते तितके सोपे नाही. मानवत आणि पुणे यांच्यात साडेतीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे, पण सीमा नाही. पुणे आणि म्युनिक यांच्यात सीमा आहे. सीमा ओलांडली की पगार कुठल्या खात्यात येतो यापेक्षा काम करणारी व्यक्ती कुठे बसली आहे, हे आधी पाहिले जाते. व्हिसा, कर, विमा आणि बँक या चारही बाबतींत. मॅनेजरचा तोंडी होकार यातल्या एकाही ठिकाणी चालत नाही. आणि पुढे काही बिनसले, तर त्याची झळ सर्वांत आधी कर्मचाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा पतीबरोबर गेलेल्या पत्नीला बसते.

हा प्रकार अगदी नवा आहे का?

नाही. भारतातल्या मालकासाठी परदेशात राहून काम करणारे लोक पूर्वीही होते. 'केसरी'चे लंडनमधील प्रतिनिधी म्हणून द. वि. ताम्हनकर यांनी काम केले, तिथून बातमीपत्रे पाठवली. एअर इंडियाच्या परदेशी कार्यालयांत, भारतीय बँकांच्या लंडन शाखांत, मालवाहू जहाजांवर मराठी माणसे होती आणि आहेत.

फरक इतकाच की त्यांचे तिथे असणे उघड होते. मालकाला ठाऊक होते, त्या देशाला ठाऊक होते आणि कागदावर तशी नोंद होती. आजचा रिमोट कर्मचारी बऱ्याचदा कोणाच्याच कागदावर नसतो. कंपनीच्या नोंदीत तो पुण्यातच असतो. तो राहतो त्या देशाच्या नोंदीत तो नोकरी न करणारा जोडीदार असतो.

गावाकडून चालले, मग परदेशातून का नाही?

टाळेबंदीच्या काळात गावाकडून केलेले काम केवळ कंपन्यांच्या मर्जीवर चालले नव्हते. त्यासाठी नियम बदलले गेले. दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी कॉल सेंटर आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठीचे नियम सैल केले आणि कर्मचाऱ्यांना घरून किंवा देशात कुठूनही काम करण्याची मुभा दिली. जून २०२१ मध्ये हे नियम आणखी सोपे झाले. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या म्हणजे सेझमधल्या कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा स्वतंत्र नियम आला.

दूरसंचार विभागाच्या मुभेतले महत्त्वाचे शब्द होते 'भारतात कुठूनही'. माडीवरच्या टेबलामागे सरकारने बदललेले नियम उभे होते. म्युनिकच्या फ्लॅटमधल्या टेबलामागे तसे काही आपोआप उभे राहत नाही.

पहिला प्रश्न व्हिसाचा

परदेशात राहण्याची परवानगी आणि काम करण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र मिळतात की नाही, हे देशागणिक बदलते.

जर्मनीत निवास परवान्यावर राहणाऱ्याच्या जोडीदाराला साधारणपणे काम करण्याची मुभा असते. ब्रिटनमध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसाधारकाच्या जोडीदारालाही ती असते. आयर्लंडने मे २०२४ पासून जनरल परवानाधारकांच्या जोडीदारांनाही ती दिली. या देशांत व्हिसाचा अडसर कमी आहे, पुढचे प्रश्न मात्र शिल्लक राहतात.

अमेरिकेचे चित्र वेगळे आहे. एच-१बी वर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो आणि त्यावर काम करता येत नाही. मे २०१५ पासून ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली आहे, त्यांना वेगळा कामाचा परवाना मिळू शकतो. कंपनीने बदली करून पाठवलेल्यांच्या जोडीदारांना, म्हणजे एल-२ व्हिसाधारकांना, नोव्हेंबर २०२१ पासून स्वतंत्र परवान्याशिवाय काम करता येते. पण साध्या एच-४ वर बसून भारतातल्या कंपनीचे काम करणे चालते का, यावर वकिलांमध्येच एकमत नाही. काही जण म्हणतात, मालक परदेशी, पगार परदेशी, म्हणून चालेल. अनेक जण म्हणतात, काम अमेरिकेच्या भूमीवर होते आहे, धोका पत्करू नका. विनापरवाना कामाचा शिक्का बसला, तर पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात तो आडवा येऊ शकतो.

मग 'डिजिटल नोमॅड' व्हिसाचे काय? एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये तो सुरू केला, पोर्तुगालने २०२२ मध्ये, स्पेनने २०२३ मध्ये. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला. दुबईतही रिमोट कामासाठी एक वर्षाचा निवास व्हिसा आहे. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून पर्यटक व्हिसावर आलेल्यांना आपल्या देशातल्या मालकाचे काम करण्यास मुभा दिली आहे. ब्रिटननेही ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना ती दिली, मात्र काम हा भेटीचा मुख्य हेतू नसावा ही अट ठेवली.

यादी मोठी दिसते, पण भारतीय पगारदाराला यातली मोजकीच दारे उघडतात. या व्हिसांच्या उत्पन्नाच्या अटी डॉलर-युरोत असतात. दुबईची अट महिन्याला ३,५०० डॉलरची आहे. पुण्यात पाच-सात वर्षे काम केलेल्या अनेक इंजिनीअरांचा पगार तिथवर पोहोचत नाही. जपानने मार्च २०२४ मध्ये असा व्हिसा आणला, पण पात्र देशांच्या यादीत भारत नाही. शिवाय या योजना थोड्या काळासाठी भटकणाऱ्यांसाठी आहेत. संसार थाटायला गेलेल्या जोडप्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

कर कुठे भरायचा? 'पगार इथंच येतोय की' हे उत्तर पुरेसे का नाही?

सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. तो टाळण्यासाठी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. व्यक्ती कुठल्या देशाची 'करनिवासी' आहे? आणि पगार कुठे केलेल्या कामाचा आहे?

भारतात पहिला प्रश्न दिवस मोजून सुटतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. दुसरी कसोटी अशी : त्या वर्षात किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्तीही निवासी ठरते. परदेशात नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला यात सवलत आहे, त्याच्यासाठी ६० ऐवजी १८२ दिवस धरले जातात. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख, पण दिवसांची ही मोजणी नव्या कायद्यानेही तशीच ठेवली आहे.

उदाहरण घेऊ. समजा, मानवतची एक मुलगी पुण्यातल्या कंपनीत आहे आणि पतीबरोबर १५ ऑक्टोबरला जर्मनीला जाते. १ एप्रिलपासून तिचे भारतातले १९८ दिवस झाले. म्हणजे त्या वर्षापुरती ती भारताची करनिवासीच. तीच मुलगी १५ ऑगस्टला गेली, तर दिवस १३७ होतात. मग प्रश्न येतो की ती 'परदेशात नोकरीसाठी' गेली का? नोकरी तर पुण्याचीच आहे, नोकरीसाठी गेला आहे तो नवरा. सवलत लागू होते की नाही, हा वादाचा मुद्दा ठरतो. दोन महिने आधी की नंतर, यावर वर्षाचा हिशेब बदलतो. म्हणून तिकीट काढण्याआधी कॅलेंडर आणि करसल्लागार, दोघांनाही विचारावे.

पुढचे संपूर्ण आर्थिक वर्ष ती जर्मनीत राहिली, की भारतात ती अनिवासी ठरते. इकडे जर्मनीत घर करून राहणारी व्यक्ती तिथली करनिवासी होते आणि तिला जगभरातले उत्पन्न तिथे दाखवावे लागते. पुण्याचा पगारही त्यात आला. तो रुपयांत आहे, भारतीय बँकेत जमा होतो, त्यावर टीडीएस कापला गेला आहे, यातले कुठलेही कारण तो न दाखवण्यासाठी पुरत नाही.

मग दोनदा कर? ते टाळण्यासाठीच भारत आणि जर्मनी यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. अशा करारांचे सूत्र असे की पगारावरचा हक्क व्यक्ती जिथली निवासी आहे त्या देशाचा. काम दुसऱ्या देशात केले असेल, तरच त्या दुसऱ्या देशाला हक्क मिळतो. आपल्या उदाहरणात निवासही जर्मनीत आणि कामही जर्मनीत. म्हणजे करारानुसार हक्क जर्मनीचा.

पण पुण्यातल्या कंपनीचे पेरोल सॉफ्टवेअर हा करार वाचत नाही. त्याच्या दृष्टीने कर्मचारी पुण्यात आहे, म्हणून दर महिन्याला टीडीएस कापला जातो. भारतीय कायद्यात आणखी एक गुंता आहे. अनिवासी व्यक्तीचे 'भारतात मिळालेले' उत्पन्न भारतात करपात्र आहे आणि पगार भारतीय खात्यात जमा झाला की तो भारतात मिळाला असे म्हणता येते. असे वाद आयकर न्यायाधिकरणांपुढे गेले आहेत आणि निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूनेही लागले आहेत. पण तिथवर जायला जर्मनीचे करनिवासी प्रमाणपत्र लागते, विवरणपत्र भरून परतावा मागावा लागतो आणि वाट पाहावी लागते. तोपर्यंत कर इकडे कापलेला असतो आणि तिकडे भरायचा असतो.

दुबईला गेलेल्यांना वाटते, तिथे करच नाही, मग प्रश्नच नाही. पण २०२० च्या वित्त कायद्याने एक तरतूद आणली. परदेशातले उत्पन्न वगळून एकूण उत्पन्न १५ लाखांहून अधिक असलेला आणि दुसऱ्या कुठल्याही देशात करदायी नसलेला भारतीय नागरिक भारताचा निवासी मानला जाऊ शकतो. त्यामुळे दुबईचे उत्तरही एका वाक्यात देता येत नाही.

पीएफ, आरोग्य विमा आणि बँक खाते

करावर निदान चर्चा तरी होते. विम्याकडे लक्ष जाते ते आजारपण आल्यावर.

जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. पतीचा सरकारी योजनेतला विमा असेल, तर न कमावणाऱ्या पत्नीला त्यात जादा हप्त्याशिवाय सामावून घेतात. पण पत्नीचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तर ही सोय मिळत नाही. ही मर्यादा २०२५ मध्ये महिन्याला साधारण साडेपाचशे युरोच्या आत होती. पुण्यातला मध्यम पगारही ती ओलांडतो. 'बायको नोकरी करत नाही' असे फॉर्मवर लिहिले आणि ती पुण्याचे काम करत राहिली, तर त्या विम्याचा पायाच खोटा ठरतो. पुण्यातल्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा भारतापुरता असतो. म्हणजे दोन्हीकडे विमा आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात एकही उपयोगी पडणार नाही, अशी वेळ येऊ शकते.

पीएफचेही तसेच. प्रत्यक्ष काम जिथे, सामाजिक सुरक्षेची वर्गणी तिथे, हे बहुतेक युरोपीय देशांचे तत्त्व. दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये म्हणून भारताने अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. बेल्जियमशी झालेला करार १ सप्टेंबर २००९ पासून लागू झाला, तो पहिला. जर्मनीशी झालेला व्यापक करार १ मे २०१७ पासून लागू आहे. या करारांखाली ईपीएफओ कर्मचाऱ्याला 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' देते. ते दाखवले की परदेशातली वर्गणी टळते. मात्र ही सोय मुळात मालकाने कामासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी आहे. पतीबरोबर स्वतःहून गेलेल्या कर्मचाऱ्याला ती मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेशी तर भारताचा असा करारच नाही.

बँकेचा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने अनिवासी होते. तिचे नेहमीचे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. एनआरओ खात्याच्या व्याजावर ३० टक्के दराने टीडीएस कापला जातो, वर उपकर. म्हणून अनेक जण 'राहू दे जुनंच खातं' म्हणतात. फेमाच्या उल्लंघनाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, हे मात्र ठाऊक नसते.

कंपन्या का कचरतात?

एचआरकडून 'पॉलिसीत बसत नाही' असे उत्तर आले की ते आडमुठेपणाचे वाटते. त्यामागे खरी कारणेही आहेत.

पहिले कारण कराचे. कर्मचारी परदेशातल्या घरातून कायम काम करत असेल आणि कंपनीच्या वतीने सौदे ठरवत असेल, तर त्या देशाचे कर खाते म्हणू शकते की कंपनीचे ठिकाण आमच्या देशात आहे, नफ्यातला वाटा इथे करपात्र आहे. एका इंजिनीअरच्या सोयीसाठी असे झंझट कुठल्याही कंपनीला नको असते. ही भीती थोडी कमी करणारा बदल ओईसीडीने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या आदर्श कराराच्या भाष्यात केला. बारा महिन्यांत निम्म्यापेक्षा कमी कामाचा वेळ त्या घरातून गेला असेल, तर ते घर सहसा कंपनीचे ठिकाण मानू नये, अशी त्याची दिशा आहे. म्हणजे दोन-चार महिन्यांच्या मुक्कामाला आधार मिळतो. वर्षभर तिथूनच काम करणाऱ्यांचा प्रश्न मात्र उरतो.

दुसरे कारण ग्राहकाचे. आयटी कंपन्यांच्या करारांत काम कुठल्या देशातून होईल, माहिती कुठून पाहिली जाईल, हे बऱ्याचदा लिहिलेले असते. बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटा हाताळणारा कर्मचारी न सांगता दुसऱ्या देशातून लॉगिन करू लागला, तर तो करारभंग ठरू शकतो.

तिसरे कारण वेळेचे. पुण्यात सकाळी नऊ वाजतात तेव्हा म्युनिकमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये तर उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा. हे जुळवता येते, अनेक जण जुळवतातही. पण वर्षानुवर्षे रात्रपाळी करणारा माणूस थकतो, हे गिरणीत काम केलेल्या घरांना सांगावे लागत नाही.

'कोणाला कळतंय?'

शेवटी सगळा भरवसा या एका वाक्यावर येऊन ठेपतो. आणि काही महिने, कधी वर्षभरही, खरोखरच कोणाला कळत नाही.

पण कळण्याचे मार्ग वाढले आहेत. कंपनीच्या व्हीपीएनमध्ये लॉगिन कुठल्या देशातून झाले याची नोंद होते. पासपोर्टवर येण्या-जाण्याच्या तारखा असतात. भारत आणि जर्मनीसह अनेक देश २०१७ पासून अनिवासींच्या बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात. व्हिसाच्या नूतनीकरणात, घर भाड्याने घेताना, पुढे कायम निवासाचा अर्ज करताना उत्पन्नाचे कागद मागितले जातात. तेव्हा पुण्याचा पगार दाखवला तरी पंचाईत आणि लपवला तरी पंचाईत.

ही पंचाईत कंपनीची नसते. कंपनी म्हणते, आम्ही परवानगी दिलीच नव्हती. तोंडी 'हो' म्हणणाऱ्या मॅनेजरची तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली झालेली असते.

किंमत कोण मोजते?

हा विषय वरवर करनियमांचा दिसतो. मुळात तो बायकांच्या नोकरीचा आहे.

परदेशी नोकरी बहुतेक वेळा नवऱ्याला लागते आणि बरोबर जाते ती पत्नी. मानवत, पाथरी, सेलूसारख्या गावांतून शिकून पुण्यापर्यंत पोहोचलेल्या मुलीसाठी ती नोकरी केवळ पगार नसते. वडिलांनी कापसाच्या पट्टीतून भरलेली कॉलेजची फी तिच्यात असते. आईच्या औषधांचे आणि धाकट्या भावाच्या क्लासचे पैसे त्यातून जातात. ती सुटली की अनुभवाच्या यादीत खंड पडतो. पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीवरही पाणी सोडावे लागते. नव्या देशात भाषा शिकून, पदव्या पडताळून पुन्हा उभे राहायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात.

अशा वेळी तिच्यासमोर दोन वाटा ठेवल्या जातात : राजीनामा दे, किंवा गुपचूप चालू ठेव. पहिलीत नोकरी जाते, दुसरीत रोजची धाकधूक. मधली वाट बहुतेक कंपन्यांत लिहिलेलीच नसते. 'पॉलिसी नाही' याचा अर्थ व्यवहारात 'बंदी' होत नाही, 'तुझ्या जबाबदारीवर' असा होतो. काम कंपनीला मिळते आणि धोका तिच्याकडे जातो. हा सौदा न्याय्य नाही.

'मग बंदीच घाला' असे कोणी म्हणेल. सरळ बंदी ही लपवाछपवीपेक्षा प्रामाणिक आहे, हे खरे. पण प्रशिक्षित, विश्वासू कर्मचारी घालवून नवा शोधण्याचा खर्च कंपनीलाही येतोच. आणि बंदी असली तरी गरज संपत नाही, ती फक्त आणखी खोल दडते.

काय व्हायला हवे?

सरकारने करमाफी द्यावी, अशी मागणी करण्याचे कारण नाही. जिथे राहायचे, तिथल्या रस्त्या-रुग्णालयांसाठी तिथे कर भरणे योग्यच आहे. हवी आहे ती स्पष्टता. आणि ती देता येते, याचा दाखला आपल्याच देशात आहे.

परदेशी जाणाऱ्या जहाजांवर काम करणाऱ्या अनिवासी खलाशांच्या पगाराबाबत असाच घोळ होता. काम समुद्रावर आणि पगार भारतीय बँकेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ एप्रिल २०१७ रोजी परिपत्रक काढून सांगितले की भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ भारतातल्या एनआरई खात्यात जमा झाला, म्हणून तो इथल्या उत्पन्नात धरला जाणार नाही. एका परिपत्रकाने खलाशांच्या अनेक घरांची चिंता कमी केली. परदेशातून भारतीय कंपनीचे काम करणाऱ्या अनिवासी पगारदारांसाठी असे स्पष्ट परिपत्रक का निघू नये? जोडीदाराबरोबर गेलेल्या कर्मचाऱ्यालाही कव्हरेज प्रमाणपत्र मिळावे, यासाठी सामाजिक सुरक्षा करारांच्या पुढच्या वाटाघाटींत भारताने हा मुद्दा का मांडू नये?

कंपन्यांनी करायचे काम त्याहून सोपे आहे. लेखी धोरण : कुठल्या देशांतून, वर्षातून किती दिवस, कुठल्या प्रकारच्या कामासाठी परवानगी आहे. ज्यांना कायमचे जायचे आहे, त्यांच्यासाठी पर्याय : परदेशातल्या समूह कंपनीत बदली, किंवा तिथल्या कायद्यानुसार नोकरीवर ठेवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत काम, किंवा परतीची जागा राखून बिनपगारी रजा. प्रत्येक पर्यायाला खर्च आहे, पण तो आधी माहीत असतो.

निघण्यापूर्वी हे तपासा

- व्हिसावर काम करण्याची परवानगी आहे का, आणि परदेशी मालकाचे काम त्यात बसते का, हे त्या देशाच्या अधिकृत नियमांतून किंवा वकिलाकडून समजून घ्यावे.
- कंपनीकडून परवानगी ईमेलवर घ्यावी. देशाचे नाव, तारखा आणि मंजुरी देणाऱ्याचे पद त्यात असावे. मॅनेजरचा निरोप पुरेसा नाही, एचआरचे उत्तर हवे.
- जाण्याची तारीख ठरवताना १ एप्रिलपासूनचे भारतातले दिवस मोजावेत.
- तिथल्या करसल्लागाराला पगार पहिल्याच वर्षी सांगावा. करनिवासी प्रमाणपत्र वेळेत मागावे.
- आरोग्य विम्याच्या फॉर्मवर 'नोकरी नाही' असे लिहिण्याआधी दोनदा विचार करावा.
- बँकेला पत्ता आणि निवासी दर्जा बदलल्याचे कळवावे. गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल, तर तो एनआरओ खात्याला जोडून घ्यावा.
- स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करण्याचा प्रस्ताव आला, तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि रजा जातात, हे धरून मानधन ठरवावे. तिथला व्हिसा स्वयंरोजगाराला परवानगी देतो का, हेही पाहावे.

टाळेबंदीत मानवतच्या माडीवर बसून काम करणाऱ्या मुलीला कोणापासून काही लपवावे लागले नव्हते. घरात, कंपनीत, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते की ती पुण्याचे काम करते. परदेशात बसून काम करणाऱ्या मुलीलाही तेवढेच उघडपणे सांगता आले पाहिजे. तोवर घरातल्यांनी 'पगार येतोय ना?' याच्या आधी 'कंपनीनं लिहून दिलंय का?' हे विचारायला सुरुवात केली, तरी पुष्कळ घरांची झोप शाबूत राहील.